नऊ बिऱ्हाडांचा गुणाकार

खिडकीतल्या बाईंनी माझा साक्षरता वर्गाचा दाखला उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "यात तुम्हाला लिहिता-वाचता येतं असं आहे. मोजता येतं असं कुठं आहे?"

मी म्हणालो, "बाई, मोजता येत नसतं तर साठीच्या वर आहे हे मला कसं कळलं असतं?"

"ते जन्मतारखेवरून मला कळलंय. स्पर्धा गणिताची आहे. ज्येष्ठ जोडीदाराला मोजता येतं असा एखाद्या संस्थेचा दाखला जोडा. शिक्क्यासकट."

माझ्या शेजारी माझी नात उभी होती. घरात तिला मुंगी म्हणतात. एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की ती गोष्ट भिंतीवर चढली तरी ही मागोमाग चढते. मला वाटले, आता ती आजोबांची बाजू घेईल. ती माझी बाही ओढून म्हणाली, "आबा, भांडू नका ना. बाई बरोबर बोलतायत." नातवंडांमध्ये हा एक दोष असतो. ती कायम खिडकीच्या पलीकडच्या माणसाच्या बाजूने असतात.

स्पर्धा जोड्यांची होती. बारा वर्षांखालचे एक मूल आणि साठीवरचे एक माणूस. आता मुंगीला आजोबा दोन. एक मी. उभा जन्म एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवली आणि निवृत्तीनंतर बायकोबरोबर संध्याकाळच्या वर्गात जाऊन अक्षरे गिरवली. दुसरे आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, मुंगीचे नाना. त्यांनी कॉलेजात गणित शिकवले. यांतला कोणता आजोबा निवडावा, हे सांगायला गणित लागत नाही. तरी पोरीने मला निवडले. तेही दोन्ही घरची मंडळी जेवायला बसलेली असताना.

"नानांबरोबर बसलं की उत्तर लगेच येतं," ती म्हणाली, "पण ते त्यांचं येतं. आबांना काहीच येत नाही, म्हणून ते मला विचारतात."

हे वाक्य मी कौतुक म्हणून घेतले. बायकोने मान खाली घालून भात कालवला. व्याही हसले. माणूस सज्जन, पण सज्जन माणसाचे हसणे जास्त लागते. दुसऱ्या दिवशी ते त्याच खिडकीवर गेले, 'जोडीदार बदलण्याचा अर्ज' घेतला, सुरेख अक्षरात भरला आणि घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. व्याह्यांचे शर्ट पांढरे आणि पातळ. खिशात काय आहे ते बाहेरून वाचता येते. निदान मला तरी येत होते; त्याचा दाखला माझ्याकडे होता.

"पहिल्या फेरीचं गणित घरी करायचं आहे. शनिवारी दुपारी बारापर्यंत उत्तर आणि रीत नेऊन द्यायची," ते म्हणाले. "तोवर जोडीदार बदलता येतो. तुम्हाला जमलं तर आनंदच आहे, व्याही. नाही जमलं तर पोरीचं नुकसान नको. एवढंच."

यात बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. म्हणजे शनिवारी बाराच्या आत उत्तर निघाले तर मुंगीच्या शेजारची खुर्ची माझी. नाही निघाले तर मी उठायचे आणि व्याह्यांनी बसायचे. लिफ्टमध्ये इतकी वर्षे मी दुसऱ्यांना 'आत या, बाहेर व्हा' सांगितले. आपल्याला कोणी 'बाहेर व्हा' म्हणण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते.

तर दाखला. मी जुन्या ऑफिसात गेलो. तिथले मॅनेजर साहेब उमेदवारीला लागले तेव्हापासून माझ्या लिफ्टने वर जात होते. मी सांगितले, "साहेब, मला मोजता येतं असं चार ओळी लिहून द्या."

"कुठपर्यंत?"

"कुठपर्यंत म्हणजे? येतं असं लिहा की."

"तसं मोघम लिहिता येत नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच लिहीन," साहेब म्हणाले. माणूस मॅनेजर उगीच होत नाही. ऑफिसची इमारत तळमजला धरून नवव्या मजल्यापर्यंत. तळमजल्याला लिफ्टमध्ये शून्याचे बटण. साहेबांनी दाखला दिला तो असा: 'सदर गृहस्थांस शून्य ते नऊ हे अंक चढत्या व उतरत्या क्रमाने न चुकता मोजता येतात. याबाबत आजवर कोणाचीही तक्रार आलेली नाही.' खाली सही, शिक्का.

खिडकीतल्या बाईंनी तो वाचला आणि पहिल्यांदाच समाधानाने मान हलवली. "असा पाहिजे दाखला," त्या म्हणाल्या, आणि नोंद करून मूळ कागद मला परत दिला. तो परत द्यायची गरज नव्हती. घरी बायकोने तो मोठ्याने वाचला. ती माझ्याच वर्गात शिकली, पण माझ्यापेक्षा भरभर वाचते आणि सगळे मोठ्याने वाचते. सूनबाई भांडी आवरायचे निमित्त करून आत गेल्या आणि आतून भांड्यांचा आवाज काही आला नाही. व्याह्यांनी मात्र दाखला शांतपणे वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "यात खोटं काही नाही." ते मला सर्वांत जास्त झोंबले.

गणित असे होते: शंभरपासून नऊशे नव्व्याण्णवपर्यंतची प्रत्येक संख्या घ्या. तिच्या तीन अंकांचा गुणाकार करा. सगळ्या संख्यांचे असे जे गुणाकार येतील, त्या सर्वांची बेरीज किती?

मुंगीने मला उदाहरण देऊन सांगितले. "१३२ घ्या आबा. एक त्रिक तीन, तीन दुणे सहा. मग पुढची १३३. एक त्रिक तीन, तीन त्रिक नऊ. असं ९९९ पर्यंत. आणि मग सगळ्यांची बेरीज."

"एवढंच ना?" मी म्हणालो. त्या 'एवढंच'ची किंमत पुढे आम्ही राहतो त्या अख्ख्या इमारतीने मोजली.

नियम असे की यंत्र वापरायचे नाही आणि गणिताच्या शिक्षकाची मदत घ्यायची नाही. घरच्यांची आणि शेजाऱ्यांची चालेल. म्हणजे व्याही घरचे असूनही बाद. त्यांना उत्तर पहिल्याच दिवशी, चहाचा कप खाली ठेवायच्या आत आलेले होते; ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. रोज संध्याकाळी ते यायचे, आमच्या कागदांकडे बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. गणित येणाऱ्या माणसाचे न बोलणे फार मोठ्याने ऐकू येते.

आता, तुम्ही इमारतीत राहता आणि जिन्यात बसून पाढे म्हणता, तर ती गोष्ट तुमची एकट्याची राहत नाही. विमावाले वर जाता जाता थांबले. "अंदाज बांधा, काका. मी माणसाचं आयुष्य अंदाजाने सांगतो, तुम्हाला एक बेरीज सांगता येत नाही?" गाण्याच्या बाई म्हणाल्या, पाढे एका सुरात म्हटले की चुकत नाहीत. त्यांनी सातचा पाढा म्हणून दाखवला. फार गोड म्हटला, फक्त बेचाळीसनंतर त्या छप्पन्नवर गेल्या. दातांच्या डॉक्टरांनी सल्ला दिला की जिथे दुखतंय तिथूनच सुरुवात करावी. मी म्हणालो, सगळीकडेच दुखतंय. ते म्हणाले, मग उद्या या.

शेवटी आमच्या इमारतीचे अध्यक्ष खाली आले. निवृत्त माणूस, पण निवृत्त कशातून झाले हे अजून कोणाला कळलेले नाही. त्यांनी चष्मा लावून गणित वाचले आणि म्हणाले, "ही आता एका बिऱ्हाडाची बाब राहिलेली नाही."

त्याच संध्याकाळी जिन्यात सभा भरली. आमच्या इमारतीचे तीन मजले आणि मजल्याला तीन बिऱ्हाडे. म्हणजे नऊ. संख्यांचे शेकडेही नऊ. अध्यक्षांना यात दैवी योजना दिसली. एका बिऱ्हाडाने एक शेकडा करायचा. नऊशेचा शेकडा सर्वांत मोठा, म्हणून तो अध्यक्षांनी स्वतःकडे घेतला. शंभरचा सोपा, म्हणून तो घ्यायला कोणी तयार होईना; आपल्याला सोपे काम दिले याचा जिन्यात मोठा अपमान असतो. तो आम्ही घेतला. दोनशेचा डॉक्टरांनी, तीनशेचा गाण्याच्या बाईंनी. चारशेचा वरच्या मजल्यावरच्या गोड म्हाताऱ्या जोडप्याने, पाचशेचा शेजारच्या नव्या जोडप्याने. सहाशे आणि आठशे दोन अबोल घरांनी मुकाट्याने घेतले आणि वेळेवर बरोबर करून दिले. अशा माणसांबद्दल गोष्टीत लिहिण्यासारखे काही नसते, हा त्यांच्यावर अन्यायच आहे. सातचा पाढा अवघड म्हणून सातशेचा शेकडा विमावाल्यांना दिला, कारण ते सभेला नव्हते.

दोन दिवस इमारतीत असा उद्योग चालला की बघत राहावे. दाराआडून आकडे ऐकू यायचे. गाण्याच्या बाईंच्या शिष्या आलापाच्या मधेच 'छत्तीस' म्हणायच्या. डॉक्टर पेशंटचा जबडा उघडा ठेवून कागदावर काहीतरी टिपून घ्यायचे. माझी छाती फुगली होती. मी जिन्यातून चढता-उतरताना लोक बाजूला होत. "काय काका, कुठवर आलं?" असे विचारत. लिफ्टमध्ये मला हेच रोज विचारले जायचे, पण तेव्हा त्यात आदर नव्हता.

मग पाचशेच्या घरातून दोन उत्तरे आली. नवऱ्याने वेगळा कागद आणून दिला, बायकोने वेगळा. दोघांनी एकमेकांकडे न बघता दिला.

"नवरा म्हणतो १०१२५, बायको म्हणते १०५८०," मुंगी म्हणाली. "आबा, हे शून्याचं भांडण आहे."

खरेच होते. ५०३ घ्या. नवऱ्याचे म्हणणे, पाच गुणिले शून्य गुणिले तीन, म्हणजे शून्य. बायकोचे म्हणणे, शून्य म्हणजे तिथे काहीच नाही. काहीच नाही तर त्याला सोडून पुढे जावे. पाच त्रिक पंधरा. नवरा म्हणाला, हे अज्ञान आहे. बायको म्हणाली, हे माहेरी कोणी म्हटले नव्हते. तिथून गणित बाजूला राहिले.

दिवे लागेपर्यंत इमारतीत दोन पक्ष पडले. गाण्याच्या बाई शून्य सोडणाऱ्यांत, डॉक्टर शून्य धरणाऱ्यांत. आणि शून्य सोडणाऱ्यांचे पुढारपण आमच्याच घराने केले.

"पाच आणि तीन घरात चांगले बसलेत," माझी बायको म्हणाली. "मधे शून्य येऊन बसलं म्हणून त्या दोघांनी जीव द्यायचा? कुठला न्याय हा?"

"आजी, न्याय नाही, गुणाकार आहे," मुंगी म्हणाली. "तीन डबे आहेत. प्रत्येक डब्यात शून्य बिस्किटं. एकूण बिस्किटं किती?"

"माझ्या घरात डबा रिकामा नसतो."

मुंगीने माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे बघून काय मिळणार? आम्ही सगळ्यांनी व्याह्यांकडे पाहिले. ते खिडकीबाहेर बघत होते. पण बायको 'शून्य सोडायचं' असे म्हणाली की त्यांना खोकला यायचा. मी मुद्दाम म्हणालो, "शून्य धरायचं." खोकला नाही. "शून्य सोडायचं." खोकला.

"व्याही, हे नियमात बसतं का?" मी विचारले.

"खोकल्याबद्दल नियमात काही नाही," बायको म्हणाली, "पण मी खोकल्यावर विश्वास ठेवून शंभर गणितं पुन्हा करणार नाही. त्यांना खरंच सर्दी असेल." आणि तिने त्यांना आल्याचा काढा करून दिला. सज्जन माणूस तो प्यायला. दुसऱ्या दिवशी त्यांना खरोखरच सर्दी झाली आणि ते कशालाही खोकू लागले, त्यामुळे तोही मार्ग बंद झाला.

शेवटी हा तंटा मीच मिटवला. अक्कल चालवून नव्हे; मला दुसरे काही माहीत नाही म्हणून. बायकोला म्हणालो, "अगं, लिफ्ट शून्यावर आली की काय होतं? आत पाच माणसं असोत की पन्नास, मॅनेजर असो की शिपाई, दार उघडलं की सगळे बाहेर. लिफ्ट रिकामी. आत कोण होतं याला मग काही अर्थ राहत नाही."

"मग असं सांगायचं ना आधी," बायको म्हणाली. "डबे-बिस्किटं कशाला काढली?" आणि पदर खोचून शंभरचा शेकडा पुन्हा करायला बसली. आमचे उत्तर आधी २११६ होते. आता २०२५ आले. गाण्याच्या बाईंनीही पुन्हा केले. त्यांचे ६०७५ झाले. नव्या जोडप्यात समेट झाला, तो गणितामुळे झाला की आणखी कशामुळे, ते विचारणे बरे नव्हे.

शुक्रवारी संध्याकाळी मी दारोदार जाऊन उत्तरे गोळा केली. वर गेलो तर चारशेच्या दाराला भलेमोठे कुलूप. गोड म्हातारे जोडपे लेकीकडे निघून गेले होते, आणि त्यांचे कागद आत. फोन लावला. आजोबा म्हणाले, "झालंय हो सगळं. टेबलावर ठेवलंय, उडू नये म्हणून वर पेला ठेवलाय." पेला ठेवल्याचे त्यांना पक्के आठवत होते, उत्तर मात्र आठवत नव्हते.

विमावाल्यांनी उत्तर दिले, "चौदा हजार. थोडं वरखाली."

"वर की खाली?"

"काका, भविष्याबद्दल मी खात्री देत नाही."

आणि अध्यक्षांनी एका कोऱ्या करकरीत कागदावर फक्त '१८३००' एवढे लिहून खाली सही केली होती. मुंगी म्हणाली, हा आकडा फारच गोल वाटतो, एकदा तपासाल का? अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाळ, अध्यक्षांनी सही केलेला आकडा तपासत नसतात. तो मंजूर करतात."

शनिवारी सकाळी माझी अवस्था काय वर्णावी. नऊपैकी एक घर कुलपात, एक अंदाजात आणि एक मंजुरीत. व्याही लवकर आले. आज शर्टाला इस्त्री होती आणि खिशातला अर्ज ताठ उभा होता. ते खुर्चीत बसले, घड्याळाकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली. मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी नजर वळवली, हे मी पाहिले. वाटले, आपणच म्हणावे, काढा तो अर्ज. पोरीचे नुकसान कशाला.

"मुंगे," मी म्हणालो, "चारशेचा शेकडा आता आपण दोघांनी करायचा म्हटलं तर होईल का गं?"

ती आमच्या शंभरच्या कागदाकडे बघत होती. मग डॉक्टरांच्या. मग पुन्हा आमच्या.

"आबा, १३२ चा गुणाकार किती?"

"तूच सांगितलास. सहा."

"आणि ४३२ चा?"

मी बोटे मोजली. "चार त्रिक बारा, बारा दुणे चोवीस."

"सहाच्या चौपट."

"असेल. मग?"

"आबा, मागचे दोन अंक तेच आहेत. फक्त पुढे एकच्या जागी चार आलाय. मग सगळ्याच चौपट होणार. चारशेच्या घरातलं प्रत्येक गणित आपल्याच घरातल्या गणिताच्या चौपट आहे." तिने आमचे २०२५ घेतले आणि चाराने गुणले. "८१००. आजोबा पेल्याखाली हेच ठेवून गेलेत."

"बरं जमलं," मी म्हणालो. "म्हणजे डॉक्टरांचं आपल्या दुप्पट?"

"४०५०. आहेच. गाण्याच्या बाईंचं तिप्पट, ६०७५. आहेच. विमावाल्यांचं सातपट, १४१७५. वर होतं आबा, खाली नाही. आणि अध्यक्षांचं नऊपट." तिने गुणाकार केला. "१८२२५. त्यांनी पंचाहत्तर जास्त मंजूर केलेत."

व्याह्यांच्या खुर्चीचा आवाज झाला. ते पुढे सरकून बसले होते.

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता, आणि तो काही सुखाचा नव्हता. "म्हणजे गं," मी म्हणालो, "एका घराने एक शेकडा केला असता तर बाकीच्या आठ घरांनी काही करायचीच गरज नव्हती?"

"नव्हती."

बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "म्हणजे सगळ्या इमारतीत फक्त मी केलेलं पुरलं असतं." एवढे म्हणून ती कप ठेवायला विसरली.

पण मुंगी भिंतीवर चढायला लागली होती. "आजी, तुझीसुद्धा नव्हती. हे बघ. १११ ते ११९. पुढचे दोन एक काही करत नाहीत. मग उरतात एक, दोन, तीन, नऊपर्यंत. बेरीज पंचेचाळीस. १२१ ते १२९? त्याच्या दुप्पट. पुढची ओळ तिप्पट. नवव्या ओळीपर्यंत असंच." तिने एक दम घेतला. "म्हणजे पंचेचाळीसला एक पट, दोन पट, तीन पट, असं नऊपर्यंत घ्यायचं. सगळ्या पटींची बेरीज पुन्हा पंचेचाळीस. पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस, २०२५. झालं तुझं घर. आणि नऊ घरं म्हणजे पुन्हा एक पट, दोन पट, नऊपर्यंत. पुन्हा पंचेचाळीस."

तिने शेवटचा गुणाकार मला करायला दिला. म्हणाली, जोडी आहे, तुम्ही पण करा. मी केला. हळू केला, हातचे बोटावर धरून केला. ९११२५ आले. मी व्याह्यांकडे पाहिले. त्यांना खोकला आला नाही.

"लवकर रीत लिहून काढ," मी म्हणालो. "एका कागदाच्या एका बाजूला लिहायची आहे."

आणि घरात कागद नव्हता. नऊ बिऱ्हाडांनी मिळून जे काही कोरे होते ते सगळे गुणून टाकले होते. कॅलेंडरची मागची बाजू गेली होती, सूनबाईंच्या ऑफिसची पाकिटे गेली होती. बायकोने फळीवर अंथरलेला कागद काढला, त्यावर तिनेच सहाशेचा पडताळा केलेला. घड्याळ काही थांबत नव्हते.

व्याही उठले. त्यांनी खिशातून तो अर्ज काढला, उलगडला, गुडघ्यावर ठेवून घडी तळव्याने सपाट केली आणि कोरी बाजू वर करून मुंगीसमोर ठेवला.

"ही बाजू चालेल," ते म्हणाले. "अक्षर जरा सुवाच्य काढ."

त्यांनी मला काही बोलू दिले नाही. लगेच चहा मागितला.

आम्ही तिघे खिडकीवर पोचलो तेव्हा बाई कुलूप हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कागद घेतला, वाचला, आणि सवयीने उलटला. "हा तर जोडीदार बदलण्याचा अर्ज आहे."

"मागची बाजू बघा, बाई," मी म्हणालो.

"मागची बाजू बघून झाली. पुढच्या बाजूचं काय? अर्ज आलाय म्हणजे मला कारवाई केली पाहिजे. यांचं नाव काढून त्यांचं घालायचं ना?"

माझ्या पायाखालची लिफ्ट सुटल्यासारखी झाली. पण व्याही खिडकीशी वाकले आणि कॉलेजात वापरत असतील अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, या अर्जावर मुलीची सही लागते. ती नाही. म्हणजे पुढची बाजू कोरी समजायची."

बाईंनी पाहिले. सही नव्हती. "मुली, सही करायची आहे का?"

"नाही," मुंगी म्हणाली. तेवढेच. पण मी ते 'नाही' अजून जपून ठेवले आहे.

इमारतीत ही बातमी सांगायची कशी, याची मला काळजी होती. दोन दिवस घसा फोडून आणि मान मोडून केलेले काम गरजेचे नव्हते, हे शेजाऱ्यांना सांगणे सोपे नाही. गाण्याच्या बाई म्हणाल्याच, "म्हणजे आमचं तीनशेचं वाया?"

"नाही हो, मावशी," मुंगी म्हणाली. "तुमचं बरोबर आमच्या तिप्पट आलं, म्हणून तर खात्री पटली."

हे त्यांना फार आवडले. तेव्हापासून डॉक्टरही सांगतात की गणित त्यांच्या दुपटीवरून सुटले. विमावाले सांगतात, अंदाज त्यांचा होता. अध्यक्षांनी फळ्यावर सूचना लावली की इमारतीने गणित यशस्वीरीत्या सोडवले असून बेरजेत पंचाहत्तरची सूट मंजूर करण्यात येत आहे. गोड म्हातारे जोडपे परत आल्यावर आम्ही सगळे वर गेलो आणि पेला उचलला. ८१०० होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आम्ही दुसऱ्या फेरीत गेलो. तिथलेही गणित मला येत नाही, त्यामुळे आमची जोडी भक्कम आहे. व्याही अजून रोज येतात. सर्दी गेली, पण काढा सुटला नाही.

बायकोने मधे एक उद्योग केला. माझा मॅनेजर साहेबांचा दाखला काचेत बसवून बाहेरच्या खोलीत लावला. मी म्हणालो, "अगं, आल्यागेल्यासमोर शोभा कशाला?" तिने ऐकले नाही. परवा व्याही त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मी टोमण्याची वाट बघत होतो.

"शून्य ते नऊ," त्यांनी वाचले. "व्याही, त्या दिवशीच म्हणालो होतो, यात खोटं काही नाही. त्या गणिताला याहून जास्त काही लागलं नाही. मीही जन्मभर एवढ्याच अंकांवर पगार घेतला."

आतून बायको म्हणाली, "पुढची ओळ पण वाचा. तक्रार आलेली नाही म्हणे. ती ओळ फक्त लिफ्टपुरती आहे."